मी जावाला पाठवलेलं उत्तर

आकाराम,

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. चावडीपुढं तुझी शोकसभा झाली तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. मास्तर बोलणार, हे धरूनच लोक आले होते. लग्न असो, झेंडावंदन असो, कुणाचं बारसं असो, गेल्या दहा वर्षांत या गावात मी बोललो नाही असा प्रसंग नाही. मी उठलो, तुझ्या फोटोला हार घातला आणि परत जागेवर येऊन बसलो. लोकांना वाटलं, मास्तरांचा गळा दाटून आला. तसं काही नव्हतं. गळा चांगला मोकळा होता. तुझ्याबद्दल जे खरं आहे ते बोलायची हिंमत नव्हती, आणि जे बोलायची जिभेला सवय आहे ते बोलायची लाज वाटली, एवढंच.

सांगलीच्या एका साप्ताहिकानं तुझ्यावर लेख मागितलाय. 'ब्रह्मदेश आणि जावा गाजवून आलेला आमचा जवान' असं नावही त्यांनीच सुचवलंय. तू असतास तर म्हणाला असतास, "गाजवून कशाला? जाळून म्हण की रं." म्हणून त्यांना लिहीत नाही, तुला लिहितो. तू वाचणार नाहीस हे माहीत आहे, म्हणूनच जमतंय. तू समोर होतास तेव्हा तीन वर्षांत जमलं नाही.

बेचाळीस-त्रेचाळीस साली आपल्या भागात काय चाललं होतं ते तुला सांगायला नको. निम्मी पोरं डोंगरात लपलेली, पोलीस घराघरातून भांडी उलथीपालथी करत फिरणारे. सगळं गाव इंग्रजाच्या विरुद्ध. मी मात्र चावडीवर उभा राहून फौजेत भरती व्हा म्हणून सांगत होतो. कुणी मला फूस लावली नव्हती. मनापासून वाटत होतं. जर्मन आणि जपानी जिंकले तर जगात कुणालाच तोंड उघडता येणार नाही, आधी त्यांना हाकलू, इंग्रजाकडे मग बघू, असं मी मांडत होतो. माझं एक वाक्य लोकांना फार आवडायचं. शेजाऱ्याच्या घरात दरोडेखोर शिरला तर आपण आपली कडी लावून बसायचं का, असं मी विचारायचो.

सभा झाल्यावर तू माझ्यामागून शाळेपर्यंत आलास. आपण दोघं माझ्या वडिलांच्या हाताखाली चौथीपर्यंत एका पाटीवर शिकलेले. मी पुढं शिकायला सांगलीला गेलो, तू औताला जुंपून घेतलंस. पण प्रश्न विचारायची खोड तुझी गेली नव्हती.

"मास्तर, दरोडेखोर हाकलला, की आपुन त्या घरातनं भाईर येनार न्हवं?"

"म्हणजे काय! बाहेर येणारच."

"न्हाई, इचारून ठेवलं आपलं. कारण इंग्रज आपल्या घरात शिरला त्यो बी असाच कुणाच्या तरी मदतीला शिरलाय असं तूच शिकीवलंस."

मी हसून तुझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेवर तू भरती झालास. तुझ्या मागून गावातली आणखी सहा पोरं गेली.

सारजावहिनी दोन दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत. तू निघताना, एसटी नव्हती तेव्हा, शिराळ्यापर्यंत बैलगाडीनं जायचं होतं, मी गाडीजवळ उभा होतो. त्या उंबऱ्यातून पुढं आल्या नाहीत. तू परत वळून त्यांच्यापाशी गेलास आणि मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणालास, "ह्या टायमाला माजं ऐक. हितनं फुडं जायाचं का न्हाई, ऱ्हायाचं का न्हाई, त्ये समदं तू ठरीव. तू म्हनशील तसं." त्यांनी मान हलवली. तू दिलेला शब्द होता तो. मी त्याचा साक्षीदार होतो.

ब्रह्मदेशातून तुझी पत्रं यायची. मीच वहिनींना वाचून दाखवायचो, त्या सांगतील ते उत्तर लिहायचो. मधल्या ओळींवर फौजेच्या तपासनिसानं काळी शाई फासलेली असायची. मग लढाई संपली. गावात पेढे वाटले. तू येणार म्हणून वहिनींनी अंगण सारवून काढलं. तू आला नाहीस. तुमच्या पलटणीला जहाजात घालून जावाला नेलं.

तो देश कुठं आहे ते मी वहिनींना शाळेच्या नकाशात दाखवलं. डच लोकांचं तिथं तीनशे वर्षांचं राज्य. लढाईत जपान्यांनी त्यांना हाकलून स्वतःचा जुलूम सुरू केला. जपान हरल्यावर तिथल्या लोकांनी आपलं राज्य आपण जाहीर केलं. आणि डचांना परत गादीवर बसता यावं म्हणून तोवर जागा धरून ठेवायला इंग्रजांनी फौज पाठवली. ती फौज म्हणजे तुम्ही. आपल्या वारणेकाठची, कृष्णेकाठची पोरं. हे मी वहिनींना इतकं स्पष्ट सांगितलं नाही. "तिथं जपानी शरण येताहेत, त्यांची हत्यारं गोळा करायला गेलेत," एवढंच म्हणालो. तेही खरंच होतं म्हणा.

आणि मग तुझं ते पत्र आलं. मलकापूरचा एक जवान पायात गोळी लागून घरी परत आला होता, त्यानं कोटाच्या अस्तरात शिवून आणलं. त्यावर काळी शाई नव्हती. शेंगांची रास अंगणात पडली होती, वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. दुपार होती. मी पायरीवर बसून वाचलं.

तू लिहिलं होतंस, सुटून घरी जायची माझी पाळी आली आहे. पण साहेब म्हणतो, थांब, तुला हवालदार करतो, इथं जुनी माणसं लागणार आहेत. थांबलो तर पुढं काय करावं लागेल ते मला दिसतंय, ते इथं लिहीत नाही. इथली माणसं आपल्यासारखीच आहेत, भात लावतात, गुडघाभर चिखलात उभी राहतात. सारजाला विचार. ती म्हणेल तसं करीन. लवकर कळव.

वहिनींचे हात थांबले. फार वेळ नाही. मला आठवतं, त्या रडल्याबिडल्या नाहीत. चिडल्यासारख्या बोलल्या.

"लिवा. म्हणावं, निघून या. हवालदार न्हाई झालं तरी चालतंय. परक्याच्या दारात बंदूक घिऊन हुबं ऱ्हायाचं, त्यापरास आपल्या दारात बसा म्हणावं. आनि माजं नाव घालून लिवा. सारजानं सांगितलंय, आसं."

मी 'हो' म्हटलं. पत्र घेऊन शाळेत आलो, मुलं घरी गेली होती, दार लोटून बसलो. आणि लिहिलं. ते शब्द मला अजून पाठ आहेत. 'सौ. सारजावहिनी सांगतात की, आमची काळजी करू नये. हाती घेतलेलं काम पुरं करूनच यावं. हवालदार होऊन यावं म्हणजे गावाला अभिमान वाटेल.'

मी असं का केलं?

पहिल्या वर्षी मी मनाशी म्हणत होतो की पत्र साहेबाच्या हातात पडलं असतं, 'परक्याचं दार' वगैरे वाचून तुला त्रास झाला असता. खोटं. 'निघून या' हे दोन शब्द कुणालाही खटकले नसते. तुझी सुटायची पाळी रीतसर आली होती. दुसऱ्या वर्षी मी म्हणत होतो, तुझ्या भल्यासाठी केलं. तेही खोटं. खरं असं आहे की त्याच महिन्यात तालुक्याला बोलावून भरतीच्या कामाबद्दल माझा सत्कार झाला होता. चौकट करून घेतलेलं प्रशस्तिपत्र शाळेत लावलं होतं. त्या पत्राच्या बळावर सांगलीच्या हायस्कुलात माझा अर्ज गेला होता. आणि माझ्या शब्दावर गेलेल्या सात जणांतला पहिलाच जर येऊन म्हणाला की आम्हाला दरोडेखोर हाकलायला नेलं आणि दुसऱ्याच्या घरात बसवलं, तर चावडीवरच्या माझ्या त्या वाक्याचं काय राहिलं असतं? मला तू घरी यायला नको होतास, आकाराम. निदान इतक्यात नको होतास. हे एवढं लिहायला मला तीन दिवस लागले.

तू थांबलास. शब्दाचा पक्का होतास. पाच महिने जास्त थांबलास आणि हवालदार होऊन आलास.

आलास तेव्हा मी सांगलीला लागलो होतो. देश स्वतंत्र होणार हे दिसायला लागलं होतं आणि सांगलीत दर आठवड्याला कुठं ना कुठं व्याख्यान असायचं. मी आता साम्राज्यशाहीविरुद्ध बोलत होतो. ब्रह्मदेश, जावा, इंडोचायना. परक्या फौजेला दुसऱ्याच्या भूमीवर पाय ठेवायचा हक्क नाही, असं टेबलावर मूठ आपटून सांगत होतो. माझं मत बदललं हे वाईट नव्हतं. वर्तमानपत्रं वाचून, तुझी पत्रं वाचून खरंच बदललं होतं. पण आधी माझं मत काय होतं हे मी कुणाला सांगितलं नाही. प्रशस्तिपत्राची चौकट तेवढी उतरवून ठेवली.

तुला व्याख्यानाला आणायची कल्पना माझीच. प्रत्यक्ष जावाहून आलेला जवान! वाचनालयाचा हॉल भरला होता. आदल्या दिवशी तू मला माझ्या खोलीवर सांगितलं होतंस की तुमच्या तुकडीतली काही माणसं एका गावाजवळ मारली गेली, त्याची शिक्षा म्हणून गाव जाळायचा हुकूम झाला, आणि आग लावणाऱ्यांत तू होतास. मी म्हटलं होतं, हेच सांग, लोकांचं रक्त उसळेल.

पण तू उभा राहिलास आणि भलतीकडूनच सुरुवात केलीस. म्हणालास, पहिल्या आठवड्यात आम्हाला एका छावणीवर नेलं. जपान्यांनी डच बायका-पोरं साडेतीन वर्षं तिथं कोंडून ठेवली होती. त्यांचे हात काटक्यांसारखे झालेले. जावाच्याच तरण्या पोरांच्या टोळ्या छावणीवर चालून येत होत्या, भाले घेऊन. आम्ही मधे उभे राहिलो. एका बाईला मी उचलून गाडीत ठेवली, तिचं वजन वैरणीच्या पेंढीएवढं होतं.

हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मागून एक जण ओरडला, "डचांची वकिली ऐकायला बोलावलंय का आम्हाला?"

तू म्हणालास, "वकिली न्हाई जी. झालं त्ये सांगतोय."

मी उठलो. आकाराम, मी तुझ्या खांद्यावर हात ठेवून तुला खाली बसवलं. "हवालदारांना भाषणाची सवय नाही," असं लोकांना म्हणालो. आणि तू सांगितलेली गाव जाळल्याची हकीकत मीच सांगितली. माझ्या तोंडी ती फार चांगली उतरली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी गाव पेटवलं आणि आपले जवान दात-ओठ खात बघत राहिले, असं मी सांगितलं. टाळ्या पडल्या. दोघं-तिघं येऊन तुझ्या पाया पडले.

परत येताना आपण कृष्णेच्या पुलावर थांबलो. ऊन कलतं झालं होतं. खाली धुणं वाळत घातलेलं. तू कठड्याला टेकून पाण्याकडे बघत होतास.

"मास्तर, आग मी लावली हुती."

"अरे, सभेत सगळंच सांगता येत नाही."

"माज्याकडं सांगण्यासारकं तेवढंच हुतं रं. त्ये बी तू काढून घेतलंस."

मग तू मला सगळं सांगितलंस. तिथली घरं बांबूची, झावळीची. आग लागली की बांबूच्या पेरांतली हवा तापून फुटते आणि गोळी सुटल्यासारखा आवाज होतो. तुम्हाला वाटलं कुणी गोळीबार करतंय, म्हणून सगळे चिखलात पालथे पडलात. मग कळलं की घरंच फुटताहेत. तुमच्यातला एक जण हसायला लागला आणि त्याला हसू आवरेना. एका घरातून एक म्हातारा माणूस गोठ्यातला रेडा सोडवून घेऊन बाहेर आला. त्यानं तुझ्याकडे बघितलं आणि खुणेनं म्हणाला, एवढं दावं धर, मी आत जाऊन येतो. तू धरलंस. एका खांद्यावर बंदूक, हातात रेड्याचं दावं, समोर तूच पेटवलेलं घर. तो आत गेला, बियाण्याच्या भाताची टोपली घेऊन आला. तुझ्या हातातनं दावं घेतलं. आणि मान लववली.

"सवयीनं लववली आसंल," तू म्हणालास. "दावं धरलं म्हणून. आपल्याकडं बी कुणी धरलं तर आपुन म्हनतोच की, लय बरं झालं गड्या म्हणून."

मी काहीतरी बोललो. जगभर साम्राज्यशाही अशीच वागते, असलं काहीतरी. तू ऐकलंच नाहीस.

"तू म्हनतोस परक्यानं जाऊच ने. पर छावनीतल्या त्या बायकास्नी आमी न्हाई वाचवल्या तर मेल्याच असत्या. त्ये खोटं न्हवतं. तिथनंच समदं बिघाडलं, मास्तर. खोट्या कारणासाठी नेलं असतं तर मी वळकलं असतं. खऱ्या कारणासाठी आत घातलं, आनि मग भाईर काढलंच न्हाई."

हे तुझं बोलणं माझ्या सगळ्या व्याख्यानांपेक्षा मोठं होतं हे मला आज कळतं. तेव्हा मी दुसऱ्याच धास्तीत होतो. कारण पुढच्याच वाक्यात तू म्हणालास, "मी तवाच आलो असतो रं. घरनं कागद आला, थांबा म्हणून. सारजा आसं लिवील वाटलं न्हवतं. पर मीच तिला म्हणालो हुतो, तू ठरीव."

पुलावर आपण दोघंच होतो. यापेक्षा सोपी वेळ मला कधी मिळणार नव्हती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "चल, चहा घेऊ." तू आलास माझ्यामागून. चहा घेताना बशीत सांडला म्हणून मी पोऱ्याला रागावलो, एवढं मला आठवतं.

त्यानंतर आपण भांडलो ते फक्त एकदाच, मागच्या वर्षी. शेजारच्या मोठ्या संस्थानात आपली फौज गेली तेव्हा. तिथल्या सत्तेनं लोकांना किती छळलं होतं ते सीमेवरनं पळून आलेल्यांच्या तोंडून आपण दोघांनी ऐकलं होतं. वहिनींचा धाकटा भाऊ शंकर त्या फौजेत होता. मी आनंदानं तुझ्या शेतावर पेढे घेऊन आलो. तू उसाला पाणी पाजत होतास. पेढा खाल्लास आणि विचारलंस, "गेलेली फौज माघारी कवा यायची, त्ये ठरलंय का?"

मी चिडलो. म्हटलं, आकाराम, तुला सगळीकडे जावाच दिसतो. हा आपलाच देश आहे. जुलमी सत्तेखाली आपलीच माणसं भरडली जात होती, त्यांना सोडवायला आपली फौज गेली. यात परकं कोण?

"तुजं खरं आसंल," तू म्हणालास. "मी जाऊ ने म्हनत न्हाई. मी बी गेलो असतो. पर तिथल्या येका गावातल्या बाईच्या दारात आपला शंकर बंदूक घिऊन हुबा ऱ्हायला, तर त्यो आपला का परका, त्ये ती बाई ठरीवनार का तू?"

"म्हणजे जुलूम चालू द्यायचा?"

"न्हाई म्हनलं न्हवं. तेच तर मला सुदरंना. जुलूम बी चालू दिऊ ने, आनि दुसऱ्याच्या दारात बी बसू ने. ह्ये दोन्ही एका टायमाला कसं करायचं रं? तू लय वाचलंयस. तू सांग."

तुझ्या अंगात हिवताप भरायला लागला म्हणून ते बोलणं तिथंच राहिलं. जावाच्या दलदलीतनं आणलेला तो ताप, दर दोन-तीन महिन्यांनी यायचा. त्या दिवशी मला तो बरा वाटला, कारण मला उत्तर येत नव्हतं. अजूनही येत नाही. यावर आता मी व्याख्यान देणार नाही, एवढं मात्र ठरवलंय.

मिरजेच्या दवाखान्यात मी तुला भेटायला आलो तो सांगायचं ठरवूनच आलो होतो. हिवतापानं पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून तुझं पोट टम्म झालं होतं. वहिनी औषध आणायला खाली गेल्या होत्या. मी स्टूल जवळ ओढलं.

तू डोळे उघडून म्हणालास, "मास्तर, त्या छावनीतल्या बायका आपापल्या घरी पोचल्या असतील का रं?"

"पोचल्या असतील," मी म्हटलं.

"मग बरं झालं. तेवढं तरी."

तुला तेवढं एक बरं वाटत होतं. त्यावर मी माझी कबुली घालू शकलो नाही. की हे पण निमित्तच होतं? मला माहीत नाही. माझ्या निमित्तांवर माझा आता विश्वास नाही. दोन दिवसांनी तू गेलास.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा मी वहिनींकडे गेलो. त्या जोत्यावर बसल्या होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. तुम्ही 'निघून या' म्हणाला होतात, मी 'थांबा' लिहिलं. बसून सांगितलं असतं तर कदाचित पुरं सांगता आलं नसतं.

त्यांनी वर बघितलं नाही.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या.

"कधीपासून?"

"आल्या आल्याच. पयल्या म्हैन्यात. ह्ये झोपेत वरडत उटायचे. येक दिस मला म्हनले, तूच लिवलंस थांबा म्हणून, आता का रडतीस. तवा कळलं मला, तुमी काय लिवलं हुतं त्ये."

"मग तुम्ही सांगितलं का नाही त्याला? मास्तरनं बदललं म्हणून?"

त्यांनी जोत्यावरचा कचरा हातानं बाजूला लोटला. मग म्हणाल्या, "गावात त्यास्नी बोलाय तुमच्याबिगर हुतं कोन? फौजेतनं आल्यापास्नं माणसात बसत न्हवते. तुमी शनवारी येनार म्हनलं की सकाळपासनं वाटंकडं बगत बसायचे. त्ये बी तोडून टाकलं असतं, तर काय ऱ्हायलं असतं त्यास्नी? म्हणून म्हनलं, ऱ्हाऊ दे. माज्याच नावावर ऱ्हाऊ दे."

आकाराम, तीन वर्षं. तीन वर्षं तू मनात ठेवलंस की बायकोनं हवालदारकीच्या हौसेनं तुला त्या गावात उभं केलं. कधीतरी रागाच्या भरात तिला बोललासही असशील. आणि ती तुझं बोलणं ऐकून घेत होती, मला ताटात वाढत होती, आणि आपण दोघं ओसरीवर बसून जगातल्या जुलमाची चर्चा करत होतो. सत्ता गाजवणाऱ्यांना मी फार नावं ठेवली. दुसऱ्याच्या वतीनं बोलायचं, त्याच्याच भल्याचं म्हणून सांगायचं, आणि त्याचे शब्द बदलून टाकायचे. मी दुसरं काय केलं?

मी वहिनींपुढं हात जोडले. त्या म्हणाल्या, "माज्या काय पाया पडताय? ज्यास्नी सांगायचं हुतं त्ये गेले."

काल शंकरचं पत्र आलं. तू होतास तोवर त्याची पत्रं तूच वहिनींना वाचून दाखवायचास. पोस्टमननं जुन्या सवयीनं ते माझ्या हातात दिलं, मी शनिवारचा गावी आलेला, शाळेच्या पायरीवर बसलो होतो. वहिनी पाण्याला निघाल्या होत्या. त्यांनी बघितलं, घागर खाली ठेवली आणि माझ्यापुढं हात पसरला. मी पत्र फोडायला लागलो.

"फोडू नगा," त्या म्हणाल्या. "द्या हिकडं."

मी दिलं. त्या समोरच्या घरी गेल्या. पाटलांची धाकटी सून कऱ्हाडची, तिसरीपर्यंत शिकलेली. ती हात पुसत बाहेर आली, लाजली, म्हणाली, "आवं काकी, मला चांगलं वाचाय न्हाई येत. मास्तर हायत की तितं." वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. ओट्यावर मांडी घालून बसल्या.

ती पोरगी अक्षर अक्षर लावून वाचायला लागली. एका ओळीला अडली, दुसऱ्या ओळीला चुकली. एक शब्द तिला लागेना तेव्हा तिनं तो सोडून पुढं जायला बघितलं. मला इथून तो शब्द काय असेल ते सहज कळत होतं. मी गप्प बसलो.

"सोडू नगंस," वहिनी म्हणाल्या. "आमास्नी घाई न्हाई. सावकाश वाच. पर हाय तसं वाच."